एका पिशवीत एकच जिन्नस

रविवार, १

घर मनासारखं मिळालं हे आधी लिहून टाकतो, कारण मेहुणीचं म्हणणं असं की भाऊजींना मनासारखं काही मिळालं तर ते आजारी पडतील. बैठं घर आहे. पुढे वीतभर अंगण, डाव्या अंगाला गॅरेज. जिना नाही. दाराला दोन बोटं उंबरा होता, त्यावर सामान उतरवायच्या आधीच फळी ठोकून उतार करून घेतला.

जिन्यावर माझा राग आहे. जुन्या घराच्या जिन्याने हिचा पाय खाल्ला. डाव्या मांडीचं हाड गेलं. डॉक्टरांनी पोलादी पट्टी आणि आठ स्क्रू घालून ते जोडलं. एक्स-रे मी मागून घेतला आणि खिडकीच्या काचेला धरून नीट पाहिला. स्क्रू एका रेषेत, सारख्या अंतरावर, एकाचंही डोकं तिरकं नाही. काम चोख होतं. मी तसं डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी माझं शिक्षण विचारलं. दहावी नापास, पुढचं सगळं स्वतःचं स्वतः, असं मी सांगितलं. शिवणयंत्रं, पंखे, वजनकाटे, पाण्याचे पंप. जे एकाने जोडलं ते दुसऱ्याला उघडता येतं, हे माझं एवढंच शिक्षण. यावर ही खाटेवरून म्हणाली की उघडतात चांगलं, विचारा बंद किती केलीत.

ही अजून शुश्रूषा केंद्रात आहे. पंधरा तारखेला घरी आणायची. चाकांची खुर्ची झोपायच्या खोलीच्या दारातून जात नाही, मी मोजून पाहिलं, चार बोटं कमी पडतात. गॅरेजचं दार मात्र ऐसपैस, आणि आतून घरात यायला रुंद वाट. तेव्हा गॅरेज रिकामं करायचं, रंगवायचं आणि तिथे हिची खोली करायची. एकट्या माणसाला चौदा दिवस म्हणजे चैन आहे.

सोमवार, २

गॅरेज उघडलं. चैन शब्द मागे घेतो.

आधीचे घरमालक एकटे म्हातारे गृहस्थ होते, गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या पुतण्याने घर सामानासकट आम्हाला दिलं, आणि सामानासकट म्हणजे काय ते आज कळलं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून छपरापर्यंत. खुर्च्या, सायकली, छत्र्या, बाजाच्या पेट्या, घड्याळं, रेडिओ, पलंगाचे सांगाडे, टंकलेखन यंत्रं. मुंगीला आत जायचं तर अंग चोरून जावं लागेल.

आणि इथे कचरा टाकायचा म्हणजे परीक्षाच. नगरपालिकेची नियमांची पुस्तिका दाराला लावलेली होती, ती चहाबरोबर पूर्ण वाचली. सोमवारी कागद, मंगळवारी धातू, बुधवारी काच, गुरुवारी लाकूड, शुक्रवारी कापड-चामडं, शनिवारी रबर-प्लास्टिक. एका पिशवीत एकच जिन्नस. दोन जिनसांची जोडलेली वस्तू असेल तर ती घरमालकाने सुटी करायची. सुटी न केलेली वस्तू गाडी नेत नाही, नारिंगी चिठ्ठी लावून परत ठेवते. लोक या नियमाला शिव्या देत असणार. मला वाटलं, आपल्यासाठीच कुणीतरी नियम केलाय.

बुधवार, ४

गाडीवरच्या बाई कडक आहेत. पिशवी हलवून आवाज ऐकतात, मग आत हात घालतात. आज काचेच्या पिशवीत त्यांना काही सापडेना. तसबिरींच्या काचांना चिकटलेला कागदसुद्धा मी खरवडून काढला होता. बाई म्हणाल्या की या गल्लीत पहिल्यांदाच कुणीतरी पुस्तिका वाचलेली दिसतेय. मी म्हटलं, पुस्तिकेत पान नऊवर एक चूक आहे, आरशाचं पाठीमागचं लेपण काच धरायचं की धातू ते दिलेलं नाही. बाईंनी पुढची पिशवी उचलली. गाडीवान मात्र हसला.

शनिवार, ७

अर्धं गॅरेज मोकळं. एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दाराजवळच्या सामानाचे स्क्रू गंजून घट्ट बसलेले होते, तेल सोडून ठोकून काढावे लागले. जसजसा आत जातोय तसतसे सैल मिळतायत. आज मागच्या बाजूचा रेडिओ उघडला तर पेचकस लागलाच नाही, बोटाने फिरवले नि आले. खुर्च्यांचे जोड हात लावताच सुटतात. शिवण ओढली की सरकन उसवते. त्या कोपऱ्यात ओल असणार, लाकूड आक्रसलं की पकड जाते. शिवाय माझ्या हाताला यश आहे ते वेगळंच.

हिला भेटून आलो. पाय उचलायला लागली आहे. खोलीला रंग कोणता हवा विचारलं तर म्हणाली, आधी खोली तर दाखवा.

बुधवार, ११

मागच्या कोपऱ्यात एक गाठोडं निघालं. पिंपाएवढं, दोघांना न उचलवणारं. बाहेरून मोटारीच्या ट्यूबा आवळलेल्या, मधेमधे डांबर, डांबरात रुतवलेल्या काचा आणि खिळे, त्यावर तारेचं जाळं. इतकी मिसळ मी जन्मात पाहिली नाही. तरफेने हातगाडीवर लोटून मुद्दाम तसंच बाहेर ठेवलं, बाई काय म्हणतात बघू. बाईंनी नुसतं लांबून पाहिलं आणि नारिंगी चिठ्ठी लावली.

शेजारी एक काका राहतात, जन्मभर नळजोडणीचं काम केलं, सगळी गल्ली त्यांना नळवाले म्हणते. ते फाटकावर रेलून बघत होते. म्हणाले की हे म्हाताऱ्याचं लाडकं ध्यान. रोज संध्याकाळी गॅरेजचं दार उघडं टाकून बसायचा नि त्याच्यावर काहीतरी चिकटवायचा, बांधायचा, शिवायचा. बायको गेल्यापासून हाच उद्योग. पावसात, तापात, एक दिवस खाडा नाही. जुनंपानं सामान माणसं फेकतात, हा घरी आणून कोपऱ्यात रचायचा. नळवाल्यांनी एकदा विचारलं होतं की कशाला एवढं, तर म्हातारा म्हणाला, त्याला काम लागतं. मला काम लागतं असं म्हणायचं असेल, वयाने जीभ घसरते, असं नळवाल्यांचं मत. माझंही.

शुक्रवार, १३

गाठोडं सोडतोय. गाडी तशी नेणार नाही, मग आपण तरी हार का मानावी. ट्यूबा कापल्या. डांबर तापवून काचा वेचल्या. आत गोणपाट, त्यात सरसाने बसवलेल्या लाकडाच्या ढलप्या, आत पत्र्याचं वेटोळं, त्याच्या आत चामड्याचे पट्टे एकमेकांत विणलेले. म्हाताऱ्याचं एक मान्य करायला हवं, दोन जिनसा जोडायच्या जेवढ्या म्हणून रीती असतात तेवढ्या सगळ्या त्याने वापरल्यात. कथलाचा डाख, रिबिट, शिवण, लाकडाची चूल-खाच, गाठ, काच बसवायचं लुकण. शाळेत जोडकामाचा विषय असता तर हे गाठोडं पुस्तक म्हणून लावलं असतं.

गंमत अशी की बाहेरची जोडणी पोलादासारखी, आणि आत जावं तशी ढिली. हातातच येत होती.

शनिवार, १४

सुटलं. सगळं त्या त्या वाराच्या पिशवीत गेलं. शेवटी लिंबाएवढी एक वस्तू उरली.

काय आहे ते सांगता येत नाही, आणि हे वाक्य मी सहसा लिहीत नाही. रंग राखाडी. लोहचुंबक धरत नाही. ठोकलं तर धातूसारखी वाजत नाही, दगडासारखी खटकत नाही. कानस चालवली, चरा नाही. भिंग लावून सगळीकडून पाहिली. ओतीव वस्तूला साच्याची रेघ असते, कोरलेल्या वस्तूला हत्याराची खूण असते, फळाला देठ असतो. याला काहीच नाही. कुठेही जोड नाही. संपूर्ण एक.

पुस्तिकेत यासाठी वार नाही.

भिंतीला दुसरा हात आत्ताच दिला. फिकट हिरवा.

रविवार, १५

ही आली. मेहुणी सोबत होती. खोलीत शिरताच ही गप्प झाली, आणि ही गप्प होणं म्हणजे पसंतीची परमावधी. खिडकीजवळ खाट, शेजारी तिचं शिवणयंत्र. हे यंत्र मी तीन मोडक्या यंत्रांतून एक केलेलं, आमच्या लग्नातली माझी भेट. मेहुणी म्हणाली की गॅरेजमध्ये ठेवली म्हणून ताईने आता पेट्रोल पिऊ नये म्हणजे झालं.

ती वस्तू मी खाटेशेजारच्या फळीवर मांडून ठेवली आहे. हिने विचारलं ते काय. मी म्हटलं, माहीत नाही. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग बहिणीला म्हणाली की तेवीस वर्षांनी यांना एक वस्तू उघडता आली नाही, राहू दे समोर, माझा पाय बरा होईल बघून बघून.

मंगळवार, १७

हिच्या कपाचा कान निखळला. नवीन कप. तडा नाही, मोड नाही, जणू कधी लावलाच नव्हता. दुपारपर्यंत पडद्याची शिवण उसवली. चिनीमाती नि दोरा दोन्ही हल्ली वाईट मिळतं.

गुरुवार, १९

भिंतीचा रंग उतरला. पोपडे नाहीत. अख्खा पडदा सोडावा तसा हिरवा थर भिंतीवरून खाली घसरला आणि जमिनीवर घडी होऊन पडला. खाली गिलावा कोरडा ठणठणीत, ओल नाही. मी तो रंग दोन तास घासून, अस्तर मारून लावलेला आहे. माझ्या हातचा रंग असा सुटत नाही.

संध्याकाळी हिला चहा दिला. तिने घोट घेतला नाही, कप माझ्यासमोर धरला. वर स्वच्छ पाणी. त्याखाली दुधाची पांढरी चकती. तळाला साखर, आणि ती कोरडी. बोटाने उचलून पाहिली, एक एक दाणा.

हिने विचारलं, हे तुम्ही काही करताय का. नाही म्हटलं.

शुक्रवार, २०

पायाचे टाके निघाले. डॉक्टर सोमवारी काढणार होते. सकाळी पांघरूण काढलं तर सगळे दोरे चादरीवर शेजारी शेजारी पडलेले, सरळ, नीट धुतल्यासारखे. जखम भरलेली होती म्हणून निभावलं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले काही दोरे आपोआप सुटतात. आपोआप सुटणारे दोरे विरघळतात, रांगेत लागत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

खाटेचे चार बोल्ट आवळले. दुपारी पुन्हा आवळले.

शनिवार, २१

हिला मांडीत टोचतं. हात लावून बघा म्हणाली. बघितलं.

गुडघ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, कातडीखाली गोल उंचवटा. अंगठा फिरवला. मी तीस वर्षं अंगठ्याने स्क्रू ओळखतो. डोकं आहे. मधली खाचही लागते. खालून पहिला स्क्रू. बाहेर येतोय.

तिला सांगितलं सूज आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, खोटं तरी नीट जोडून बोला.

गॅरेजमधले ढिले स्क्रू. आत जावं तसे ढिले. ओल नव्हती तिथे. माझ्या हाताला यश नव्हतं. तो कोपरा होता, कोपऱ्यात ते गाठोडं होतं आणि गाठोड्यात हे. जे जोडलेलं आहे ते ही वस्तू सुटं करते. जवळचं आधी, मग लांबचं. म्हातारा वेडा नव्हता. रोज नवे जोड देऊन तो तिला गुंतवून ठेवत होता, आणि सगळं गॅरेज पुढच्या वर्षांची बेगमी होती. जे तिने सोडवत बसायचं ते मी दोन आठवड्यांत तिच्यासाठी सोडवून दिलं, जिन्नसवार, पिशव्या भरून. आणि तिला उचलून हिच्या उशाशी ठेवलं.

रविवार, २२

मागच्या अंगणात पुरली. कमरेएवढा खड्डा. परत येऊन हात धुतो तोवर ती वर. कुणी उकरली नाही, मी उभा राहून पाहिलं. खड्ड्यातली माती आपली आपण निवडली गेली. गोटे एकीकडे, वाळू एकीकडे, चिकणमाती एकीकडे, मुळ्यांची जुडी एकीकडे. मधे ही.

मोटारीत घालून दूर सोडून यावं म्हटलं. वळणावर पुढचं चाक गेलं. पाचही नट रस्त्यावर, शेजारी शेजारी. लोकांच्या दारात टाकवेना, ती घेऊन चालत परत आलो, बुटांचे तळ वाटेत राहिले. अंगठा फिरवला. दुसऱ्या स्क्रूचं डोकंही लागतं आता.

मंगळवार, २४

धातूच्या पिशवीत तळाला लपवून ठेवली. नियम मोडला. बाईंनी हलवली, हात घातला, बाहेर काढली. धातू नव्हे म्हणाल्या. मी म्हटलं, कशातही धरा, पण न्या. पाया पडायचं राहिलं होतं, तेही केलं. बाई ओशाळल्या, मागे सरकल्या. म्हणाल्या की काका असं करू नका, तुमच्या घराचं नाव तर आम्ही वर पाठवलंय. खिशातून ‘आदर्श घर’ असं छापलेला बिल्ला काढून त्यांनी फाटकाला चिकटवला आणि त्या वस्तूला नारिंगी चिठ्ठी.

मी विचारलं, माझ्या पिशव्या परत मिळतील का. ट्यूबा, पत्रा, चामडं. त्या हसून म्हणाल्या की इतका शुद्ध माल थांबतो का कुठे, त्याच दिवशी भट्टीला गेला.

गाडी वळायच्या आत बिल्ला गळून पडला. कागद एकीकडे. डिंक एकीकडे, पातळ पापुद्र्यासारखा.

बुधवार, २५

जोडतोय. घरात जे आहे ते. चमचे तारेने बांधले, त्यावर चादरीच्या पट्ट्या, त्यावर सरस. सरस सुकायच्या आत सुटला. डाख गार व्हायच्या आत सुटला. म्हाताऱ्याने वर्षांनुवर्षं थरावर थर चढवले तेव्हा ती दबली. मी उघड्या वस्तूला कपडे घालतोय.

पण एक कळलं. हिचं शिवणयंत्र मी त्या वस्तूवर ठेवलं. यंत्र सुटत होतं तेवढा वेळ माझा अंगठा हिच्या मांडीवर होता. स्क्रू हलला नाही. एका वेळी एकच काम करते ती. यंत्र संपलं, ढीग झाले, लोखंड, पितळ, लाकूड, तेलाचा थेंबसुद्धा वेगळा, आणि अंगठ्याखाली पुन्हा फिरायला लागलं.

हिने सगळं पाहिलं. आता तिला काही सांगायचं उरलं नाही. यंत्राच्या ढिगाकडे बघून म्हणाली की तीन यंत्रांचं एक केलं होतंत ना, मोजा, तीनची तीन भरतात का. हसली. मग ओठ चावून डोळे मिटले. दुखतंय.

गुरुवार, २६

घड्याळ दिलं. पंखा दिला. मोटार चाक बसवून ढकलत आणली, तीही दिली. प्रत्येक वस्तू आधीच्यापेक्षा लवकर संपते.

फोनची काच नि आतलं सगळं टेबलावर पसरलंय. नळवाल्यांकडे धावलो. त्यांच्या फाटकाच्या बिजागऱ्या गळून पडल्यात, ते पान्याने खटपट करतायत. म्हणजे तिची पोच शेजारपर्यंत आली. पलीकडच्या घराचा दिवा खांबाखाली पडलाय. रोज लांब जाते. हिला कुठेही नेलं तरी एक दिवस तिथे पोचेल. तिला काम लागतं. काम असेल तर ती जागची हलत नाही.

नळवाल्यांना मेहुणीला फोन करायला सांगितला. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबवायला सांगितली, आत एक चाक आणायचं नाही. ते म्हणाले की तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, काका, तो म्हातारा बरोबर होता. त्यांनी पाना खाली ठेवला आणि फोन करायला गेले.

शुक्रवार, २७

गेली.

चाकांची खुर्ची उरली नाही म्हणून उचलून नेली. उचलायच्या आधी त्या वस्तूवर मी माझी हत्यारांची पेटी ठेवली. एकूण एक हत्यार. तेवढ्यात गल्ली पार झाली. हिचं वजन कमी झालंय. मला म्हणाली, तुम्ही मागोमाग येताय ना. मी म्हटलं, आवरून येतो. मेहुणी म्हणाली की भाऊजींचं आवरणं, म्हणजे पुढच्या वर्षी. रडत होती आणि बोलत होती.

डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली की खालून तीन स्क्रू पूर्ण आवळावेत आणि पुढचे पाच तपासावेत. या वेळी शिक्षण विचारलं तर सांगू नका, असं दोघींना म्हटलं.

परत आलो. हत्यारांचे दोन ढीग झालेत, लाकडी मुठी नि पोलाद. घरात जोडलेलं असं काही उरलं नाही.

एक उरलंय. कालपासून मनात आहे. हाडं, दात, नखं, केस, कातडी, रक्त, चरबी. वर बावन्न वर्षांच्या सवयी. इतकी मिसळ पुस्तिकेत नाही. गाडी मला एका वारी नेणार नाही.

जमिनीवर बसलोय. ती मांडीवर आहे.

शनिवार

दुखत नाही. लिहितो, कारण नीट पाहिलेलं लिहायला हवं. डाव्या करंगळीचं नख पहिलं. मग केस, ओंजळभर, रक्त नाही. सावकाश करते. चवीने. एवढी गुंतागुंत तिला बहुतेक पहिल्यांदाच मिळाली. चांगलं आहे. सावकाश करू दे.

नळवाले गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ओरडले. पाय पुन्हा उघडला, स्क्रू बसवले. घट्ट बसलेत. मी हात वर केला.

आता मी संपायला नको. एवढंच. मी जितका वेळ पुरेन तितका वेळ ती —

वार माहीत नाही

दात तीन. शेजारी शेजारी.

डाव्या हाताची बोटं आहेत पण ती माझी वाटत नाहीत. शिळ्या पावाची चव आहे, भूक नाही. भूक दुसरीकडे कुठेतरी आहे, पाव इथे.

नळवाले पुन्हा येऊन गेले. ती काठी घेऊन उभी राहते म्हणतात. कोण, असं मी विचारलं. मग म्हणाले, बायको तुमची. हो. हिरवा रंग आवडलेली. नाही, रंगाचं ती बोलली नाही, गप्प झाली —

पायात आठ. आठ स्क्रू. हे अजून एकत्र आहे. हे सुटू द्यायचं नाही.

—

वही उसवली. पानं सुटी. हे कोणतं माहीत नाही.

आवाज आठवतो. चेहरा आठवतो. एकमेकांना लागत नाहीत.

पुरवून पुरवून. आज फक्त उजवा कान. चालेल. अजून पुष्कळ आहे मी.

—

ऊन आहे. फाटकाशी बाई. काठी आहे हातात पण टेकत नाही, काखेत धरलीय. ओळखीची नाही. हाका मारते. अहो, म्हणते. कुणाला म्हणते —

डाव्या पायावर भार टाकते. पूर्ण. गुडघा सरळ. पाऊल पडतं नि कमरेत झोल नाही. ज्याने जोडलं त्याचं काम चोख. बघत राहावं असं. का बरं इतकं बरं वाटतंय —

फाटक नाही, तरी तिथेच थांबली होती. आता आत पाय टाकला.

बाई, नको. इथे जोडलेलं काही राहत —

हात वर करतो. हात वर होत नाही. तोंडाने सांगायचं तर शब्द आहेत, आवाज तिकडे —

सरळ चालतेय. माझ्याकडे. बाई, मागे फिरा, पाय चांगला बसलाय, तो घेऊन —